चौथ्या स्टेजचा आतड्याचा कॅन्सर : पहिली केमो लागण्याआधी दोन गोष्टी करून घ्या

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : बाबांचं वय ५७. पाच महिने संडासवाटे रक्त जात होतं, मूळव्याध समजून औषधं चालू होती. शेवटी कोलोनोस्कोपी केली तेव्हा मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये, गाठ निघाली. बायप्सीत कॅन्सर आला. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरवर तीन डाग आहेत. दोन उजवीकडे, एक डावीकडे, सगळ्यात मोठा ४ सेंटिमीटरचा. सीईए (रक्तातली कॅन्सरची खूण) ८६. डॉक्टर म्हणाले, “चौथी स्टेज आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, सोमवारपासून केमो सुरू करू.” काका म्हणतात, केमोने माणूस खंगतो, उरलेले दिवस सुखाने जाऊ द्या. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. खरंच काही करण्यासारखं आहे का?

आहे, आणि बरंच आहे. मी गेली २२ वर्षं पोटाच्या कॅन्सरच्या पेशंटना केमो देतोय. तुमच्या बाबांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे त्यांचं नेमकं काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या चार ओळी वाचून एक प्रश्न लगेच मनात आला : लिव्हरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जननी हा स्कॅन पाहिलाय का? रिपोर्ट नव्हे, स्कॅन. “ऑपरेशनचा उपयोग नाही” हे वाक्य त्या सर्जनच्या तोंडून आलं असेल तर त्याला वजन आहे. दुसऱ्या कुणी ते ‘चौथी स्टेज’ या शब्दांवरून म्हटलं असेल तर ते अजून ठरायचंय.

आपल्याकडे ‘चौथी स्टेज’ म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची चौथी स्टेज आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चौथी स्टेज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आतड्याच्या चौथ्या स्टेजमध्येही काहींचे डाग आजच काढता येतात, काहींचे केमोने आकसल्यावर काढता येतात आणि काहींचे काढता येत नाहीत, पण बराच काळ आटोक्यात ठेवता येतात. तिन्हींची औषधं बरीचशी तीच असली तरी ती किती द्यायची, कधी थांबवायची आणि पुढे काय करायचं हे वेगवेगळं असतं. म्हणून आपण कुठल्या वाटेवर आहोत हे पहिल्या दिवशी माहीत असावं लागतं. सोमवारची केमो आठ-दहा दिवस पुढे गेली तर, आतड्यात अडथळा नसेल आणि लिव्हर नीट चालत असेल तर, सहसा काही बिघडत नाही.

लिव्हरच का, ते आधी सांगतो. आतड्यातलं जवळजवळ सगळं रक्त हृदयाकडे जाण्याआधी पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून लिव्हरमध्ये येतं. गाठीतून सुटलेल्या पेशींना पहिली गाळणी लिव्हरची लागते आणि पुष्कळ पेशंटमध्ये रोग काही काळ त्या गाळणीतच अडकलेला असतो. म्हणून लिव्हरमधले डाग काढून माणूस बरा होऊ शकतो. बहुतेक इतर कॅन्सरमध्ये ही सोय नाही.

माझ्या शिक्षणाच्या काळात लिव्हरवर चारपेक्षा जास्त डाग असले किंवा दोन्ही बाजूंना असले की सर्जन मान हलवायचे. आता हिशेब उलटा झालाय. किती डाग आहेत यापेक्षा ते काढल्यावर मागे काय उरतं ते बघतात. निरोगी लिव्हरचा २० ते ३० टक्के भाग, त्याला येणारं-जाणारं रक्त आणि पित्ताची वाट शाबूत ठेवून, मागे राहिला तर माणूस निभावतो आणि तो भाग काही आठवड्यांत वाढतो. बरीच केमो झालेलं लिव्हर असेल तर ३० टक्क्यांच्या वर लागतं. उरणारा भाग कमी पडत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल व्हेन कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, बंद करून चार-सहा आठवडे थांबतात, तोवर दुसरी बाजू फुगते. दोन्हीकडे डाग असतील तर दोन टप्प्यांत ऑपरेशन करतात. छोटा, खोलवरचा डाग सुई घालून मायक्रोवेव्हने जाळता येतो. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या, जाळता येण्यासारख्या जागी असलेल्या डागांसाठी जाळणं हे कापण्याच्या तोडीस तोड आहे, हे नेदरलँड्समधल्या ‘कोलिजन’ चाचणीने २०२४ साली दाखवून दिलं. म्हणजे बाबांच्या बाबतीत मोठा डाग कापून आणि दुसऱ्या बाजूचा छोटा जाळून, असाही मेळ बसू शकतो. बसेलच असं मी म्हणत नाही. डाग मोठ्या शिरांना चिकटलेत का, हे स्कॅनमध्येच दिसतं.

आकडे सांगतो. सगळे डाग पूर्ण काढता आले तर १०० पैकी सुमारे ४० जण पाच वर्षांनी हयात असतात. दहा वर्षं उलटून रोगमुक्त राहणारे १५ ते २० असतात, त्यांना आम्ही बरे झाले असं म्हणतो. दुसरी बाजूही ऐका. निम्म्याहून जास्त जणांत रोग परत येतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. तो परत लिव्हरमध्येच आला तर पुन्हा काढताही येतो. दोनदा-तीनदा ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडे दर सहा महिन्यांनी तपासायला येतात.

आता करायच्या दोन गोष्टी. पहिली : केमोच्या आधी लिव्हरचा एमआरआय आणि त्यावर लिव्हर सर्जनचं मत. आधी का, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी सोलापूरकडचे एक गृहस्थ आले. दुसऱ्या गावी १२ सायकल, म्हणजे बारा फेऱ्या, केमो झालेली. सुरुवातीला लिव्हरवर पाच डाग होते, आता स्कॅनमध्ये दोनच दिसत होते. घरचे पेढे घेऊन आले होते. सुरुवातीचा एमआरआय कुणी केलेला नव्हता आणि पहिल्या सीटीची सीडी घरात सापडेना. हातात होता फक्त ‘मल्टिपल लीजन्स’, म्हणजे अनेक डाग, एवढंच लिहिलेला एक कागद. आमच्या सर्जननी पोट उघडून लिव्हरवर अल्ट्रासाउंड फिरवला. दोन डाग काढले. उरलेले तीन ना दिसले, ना हाताला लागले. इतक्या केमोने लिव्हर निळसर पडलं होतं, जास्त कापायची सोय नव्हती. सात महिन्यांनी लिव्हरमध्ये नव्या ठिकाणी म्हणून जे दिसलं, ते बहुतेक त्या जुन्याच जागा होत्या.

स्कॅनमधून दिसेनासा झालेला डाग म्हणजे मेलेला डाग नव्हे. म्हणून काढण्याजोग्या रोगात केमो ‘जमेल तितकी’ देत नाहीत. दोन-तीन महिने, म्हणजे चार ते सहा सायकल देऊन पुन्हा स्कॅन, पुन्हा सर्जन. डाग काढण्याइतपत आकसले की थांबून ऑपरेशन. आणि अजून एक : लिव्हरमधले डाग काढता येण्यासारखे वाटत असतील तर त्यांत सुई घालून बायप्सी घेऊ नये. आतड्याची बायप्सी झालेली असताना तिची सहसा गरज नसते आणि सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा धोका खरा असतो. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती लोक ऑपरेशनबद्दल बाळगतात; तिथे ती चुकीची आहे. या एका सुईबद्दल मात्र सांभाळायला हवं.

दुसरी गोष्ट : बायप्सीचा ब्लॉक. कोलोनोस्कोपीत घेतलेला तुकडा मेणात बसवून पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेला असतो. मागितला की मिळतो. त्यावर गाठीतले बिघाड शोधणाऱ्या चार तपासण्या सांगा : एमएमआर किंवा एमएसआय (दोन्ही एकच दोष शोधतात), रास, बीरॅफ आणि हर-टू.

एमएमआर सगळ्यात आधी, कारण ती स्वस्त आहे, चार प्रथिनांचे रंग बघून चार-सहा दिवसांत होते आणि तिच्याने सगळंच बदलू शकतं. पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं. ती नसतील तर गाठीत इतक्या चुका साठतात की शरीराची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखू शकते. अशा पेशंटना केमोऐवजी इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारी औषधं, देतात. पेम्ब्रोलिझुमॅब या अशा औषधाच्या चाचणीत रोग वाढल्याशिवाय जाणारा काळ केमोच्या ८.२ महिन्यांवरून १६.५ महिन्यांवर गेला. निव्होल्युमॅब आणि इपिलिमुमॅब ही तशीच दोन औषधं जोडीने दिली तेव्हा दोन वर्षांनीही रोग न वाढलेले १०० त ७२ होते, केमोवर १४. पण चौथ्या स्टेजमध्ये असे पेशंट १०० पैकी चार-पाचच. उरलेल्या पंचाण्णवांना ही औषधं एकटी जवळपास काहीच करत नाहीत. व्हॉट्सॲपवर वाचून “इम्युनोथेरपी द्या, पैशाची काळजी करू नका” म्हणत येणारी घरं मी आठवड्याला बघतो. एमएमआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय हे औषध कुणी सुचवलं तर कारण विचारा. आणि ती प्रथिनं खरोखरच नसतील तर हा दोष घराण्यातून आलेला असू शकतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. मग तुमची, काकांची, आत्याची तपासणीही आली.

रास या जनुकांत, म्हणजे के-रास आणि एन-रासमध्ये, सुमारे निम्म्या पेशंटच्या गाठीत बिघाड असतो. बिघाड नसेल, बीरॅफ हे जनुकही ठीक असेल आणि गाठ डाव्या बाजूला असेल, जशी बाबांची आहे, तर केमोसोबत सेटुक्सिमॅब किंवा पॅनिट्युमुमॅब हे पहिल्या पसंतीचं. ते डाग चांगले आकसवतं. त्याने चेहऱ्यावर-छातीवर मुरमांसारखं पुरळ येतं, रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं. पुरळ येण्याआधीच डॉक्सिसायक्लिन आणि मॉइश्चरायझर सुरू केलं तर बराच त्रास वाचतो. उजव्या बाजूच्या गाठींना, रास ठीक असलं तरी, सुरुवातीला याचा फायदा दिसत नाही. तिथे, आणि रास बिघडलेल्यांत, बेव्हॅसिझुमॅब जोडतात. ते गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. पण त्याने जखम भरायला वेळ लागतो, म्हणून लिव्हरचं ऑपरेशन ठरत असेल तर शेवटचा डोस आणि ऑपरेशन यांत सहा आठवडे ठेवतात. रासचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यासाठी थांबायची गरज नाही, पहिली एक-दोन सायकल नुसती केमो देऊन रिपोर्ट आल्यावर जोड देता येते.

बीरॅफचा बिघाड १०० पैकी आठ-दहांत असतो आणि तो रोग आडदांड असतो. त्यावर एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही जोडी आहे. २०२४ च्या अखेरीपासून अमेरिकेत ती केमोबरोबर सुरुवातीलाच द्यायला मान्यता मिळाली. हर-टू हे प्रथिन वाढलेले १०० पैकी तीन-चार असतात, त्यांच्यासाठी स्तनाच्या कॅन्सरमधलीच औषधं वापरतात. के-रासच्या ‘जी१२सी’ या एका बिघाडावरही आता गोळ्या आहेत. हे सगळं बाबांना लागेल असं नाही, पण ब्लॉक तपासला नाही तर लागणार होतं की नाही हेही कळत नाही.

आता काकांची शंका. ती मी हसण्यावारी नेत नाही, केमोने खंगलेली माणसं त्यांनी पाहिली असतील. आतड्याच्या कॅन्सरची केमो मात्र सहसा डे-केअरमध्ये होते आणि बरेच लोक ती घेत असताना कामावर जातात. फोलफॉक्स हा औषधांचा संच असेल तर दर १४ दिवसांनी. दोन-तीन तास सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि ल्युकोव्होरिन, मग फाइव्ह-एफयूचा पंप. पंप म्हणजे लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीएवढी प्लास्टिकची बाटली, आत औषधाने भरलेला फुगा. तो फुगा ४६ तासांत हळूहळू आकसतो आणि औषध आत जातं. कमरेच्या पाऊचमध्ये घालून लोक एसटीने घरी जातात आणि तिसऱ्या दिवशी काढायला येतात. त्यासाठी छातीच्या कातडीखाली पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेत औषध सोडणारी छोटी डबी, बसवून घ्या. हाताच्या शिरांतून हे औषध देत राहू नये. ज्यांना दर पंधरा दिवसांनी दोनदा शहरात येणं जमत नाही त्यांच्यासाठी केपॉक्स आहे : दर २१ दिवसांनी एक सलाईन आणि १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत.

ऑक्सॅलिप्लॅटिनचा एक त्रास आधी सांगितला नाही तर माणूस घाबरतो. सलाईननंतर चार-पाच दिवस गार वस्तू सोसत नाही. माझ्या एक पेशंट पहिल्या सायकलनंतर घरी गेल्या, फ्रिजमधून कोथिंबिरीची जुडी काढली आणि बोटांत सुया टोचल्यासारखं होऊन जुडी हातातून पडली. दुसऱ्या एकांनी माठातलं पाणी प्यायलं आणि घसा आवळला, श्वास कोंडला असं वाटून रात्री कॅज्युअल्टी गाठली. श्वास कोंडत नाही, तो घशाच्या नसांचा भास असतो, कोमट पाण्याने उतरतो. स्टीलचा गार पेला, थंडीतली लोखंडी कडी, फरशी, सगळ्याला हातमोजे-मोजे लागतात. हे उतरतं. पण सहा-आठ सायकलनंतर बोटांत कायम राहणारी बधिरता सुरू झाली, शर्टाचं बटण लावताना अडायला लागलं, तर लपवू नका. “सांगितलं तर औषध बंद करतील” म्हणून पेशंट लपवतात. ते बंद करायचंच असतं. बाकीची औषधं चालू ठेवता येतात. उशीर झाला तर ती बधिरता वर्षानुवर्षं राहते.

कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात. दिल्लीच्या एम्समध्ये यावर एक सुंदर चाचणी झाली : डायक्लोफिनॅकचं साधं जेल दिवसातून दोनदा हातांना लावणाऱ्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोकांना हा त्रास दुखण्याइतका झाला, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. स्वस्तातलं औषध आहे, डॉक्टरांना विचारून सुरू करा. आयरिनोटिकॅन हे केमोचं दुसरं औषध मिळालं तर जुलाबाची गोळी आणि ओआरएस घरात आधीच आणून ठेवा. पहिल्याच सायकलमध्ये खूप तोंड आलं, जुलाब थांबेनात, तर शरीरात फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिन मोडणारं एन्झाइम कमी असण्याची शक्यता असते. डीपीवायडी नावाची रक्ताची तपासणी पहिल्या केमोआधीच करता आली तर उत्तम. आणि १००.४ च्या वर ताप म्हणजे क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी दवाखाना गाठायचा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना तो ताप काही तासांत जिवावर बेततो. तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे फ्रिजवर लिहून चिकटवा.

“आतड्यातली मूळ गाठ तरी आधी काढून टाका ना” असं प्रत्येक घर म्हणतं. गाठीने वाट अडवलेली नसेल, सतत रक्त जात नसेल, तर ती घाईने काढण्यात फायदा नाही. लिव्हरमधले डाग काढण्याजोगे नसतील तेव्हा आधी आतड्याचं ऑपरेशन करून आयुष्य वाढत नाही, हे जपानमधल्या चाचणीत स्पष्ट झालंय, उलट ऑपरेशनच्या गुंतागुंतीत केमो लांबते. डाग काढण्याजोगे असतील तर दोन्ही एकदम, आधी आतडं किंवा आधी लिव्हर, तिन्ही क्रम चालतात, सर्जन ठरवतील. गुदाशयाची गाठ असेल तर मध्ये पाच दिवसांचं रेडिएशनही येतं. मात्र बाबांचं पोट फुगलं, वायू सुटणं बंद झालं, उलट्या होऊ लागल्या, तर ते आतडं बंद झाल्याचं लक्षण. तेव्हा स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालावा लागतो किंवा पोटावर संडासची पिशवी करावी लागते. पिशवीला लोक मरणाहून जास्त घाबरतात. मी पिशवी लावून वारीला पायी गेलेले पेशंट पाहिलेत.

समजा, सर्जन म्हणाले की नाही, हे आज काढता येत नाही. तरी दर दोन-तीन महिन्यांच्या स्कॅनला त्यांनाच पुन्हा विचारायचं, कारण उत्तर बदलतं. आणि बदललंच नाही तर केमोचं काम वेगळं होतं : रोग दाबून ठेवणं आणि माणूस माणसासारखा जगवणं. आजच्या चाचण्यांमध्ये अशा पेशंटचं मध्यम आयुर्मान अडीच ते तीन वर्षांच्या आसपास येतं. म्हणजे निम्मे त्याहून कमी, निम्मे त्याहून जास्त. चाचण्यांतले पेशंट थोडे धडधाकट असतात हेही लक्षात घ्या. चार-सहा महिने पूर्ण केमो, मग ऑक्सॅलिप्लॅटिन काढून हलका डोस, कधी पूर्ण सुट्टी. मुलीचं लग्न, गावची जत्रा यांच्या तारखा मला आधी सांगा असं मी सांगतो, त्याप्रमाणे सायकल हलवता येते. रोग वाढला की आयरिनोटिकॅनवर आधारलेली दुसरी फळी.

तिसऱ्या फळीपाशी मी आकडे कागदावर लिहून देतो, कारण इथे जमिनी विकल्या जातात. रेगोराफेनिबने मध्यम आयुर्मान ५ महिन्यांचं ६.४ झालं. फ्रुक्विन्टिनिबने ४.८ चं ७.४. ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिलच्या गोळ्यांना बेव्हॅसिझुमॅबची जोड दिली तेव्हा ७.५ चं १०.८, यातली ही जोडी मला सगळ्यात पटते. काहींना यापेक्षा बराच जास्त काळ मिळतो, काहींना काहीच नाही. हे आकडे बघून कुणी औषध घेतं, कुणी घरी जातं. दोन्ही निर्णय घेतलेल्या घरांबरोबर मी शेवटपर्यंत राहिलोय.

पैशाचंही बोलू. फाइव्ह-एफयू, ऑक्सॅलिप्लॅटिन, कॅपेसिटाबिन ही औषधं भारतात बनतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची केमो आणि ऑपरेशन आहेत, मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची आहे. बेव्हॅसिझुमॅबची भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली रूपं, मिळतात. दुसरं मत घ्यायचं तर जिथे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले एकत्र बसून केस बघतात अशा ठिकाणी घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अशी बैठक असते, इतर मोठ्या केंद्रांतही असते. तिथे जाताना स्कॅनची सीडी आणि ब्लॉक बरोबर न्या. नुसता रिपोर्ट नेलात तर मत रिपोर्टवरच मिळेल.

लिव्हर ट्रान्सप्लांटबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समधल्या ‘ट्रान्समेट’ चाचणीत ते करायचं ठरवलेल्या गटात पाच वर्षांनी ५६.६ टक्के हयात होते, नुसत्या केमोवर १२.६ टक्के. पण ते पेशंट गाळून-गाळून निवडलेले होते : रोग फक्त लिव्हरमध्ये, आतड्यातली गाठ आधीच काढलेली, बीरॅफ ठीक, केमोवर महिनोन्महिने आटोक्यात. आपल्याकडे लिव्हरचा भाग बहुधा घरातल्याच कुणीतरी द्यावा लागतो. आज तुमच्यासमोर हा प्रश्न नाही, म्हणून इतक्यात स्वतःचं लिव्हर देऊ करून बाबांपुढे अवघड गोष्ट उभी करू नका.

काढे, लक्ष्मणफळाच्या पानांचा रस, साखर-दूध बंद करणं : यातलं केमोच्या काळात मी काहीही चालू ठेवू देत नाही. श्रद्धेचा प्रश्न नाही. या औषधांचा बराच भार लिव्हरवर असतो आणि लिव्हर बिघडलं की ते काढ्याने की केमोने हे कळत नाही, केमो थांबते. साखर बंद करून कॅन्सर उपाशी मरत नाही, वजन उतरतं बाबांचं. अंडी, डाळी, पनीर, मासे, त्यांना आवडेल ते द्या. दुखत असेल तर दुखणं सोसायला लावू नका. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी, टीम पहिल्या महिन्यातच गाठून ठेवा. ते लोक फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात.

राहिले बाबा. तुम्ही त्यांना सांगितलं नाही, ते प्रेमापोटी. पण सोमवारी, नाहीतर आठ-दहा दिवसांनी, ते डे-केअरमध्ये खुर्चीवर बसतील. एका घराने वडिलांना “आतड्याला सूज आहे” असं सांगून आणलं होतं. सलाईन लागली, मुलगा बिल भरायला खाली गेला आणि शेजारच्या खुर्चीतल्या आजींनी मायेने विचारलं, “तुमचा कुठला हो कॅन्सर?” मुलगा वर आला तेव्हा वडील खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी दोन सायकल कुणाशी धड बोलणं केलं नाही. नंतर मला म्हणाले, “डॉक्टर, मला रोगाचं वाईट नाही वाटलं. सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.”

सोमवारच्या आधी रविवार आहे. जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि आधी विचारा, “बाबा, तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?” बहुतेक त्यांना निम्मं कळलेलं असेल. उरलेलं ते विचारतील तेवढंच सांगा : आतड्यात गाठ आहे, कॅन्सरची आहे, थोडी लिव्हरवर गेलीय, उपचार आहेत, आणि ऑपरेशन जमेल का ते आपण आधी लिव्हरच्या सर्जनना विचारणार आहोत. “किती दिवस?” असं विचारलं तर आज ते कुणालाच माहीत नाही असं सांगा, कारण खरंच माहीत नाही. काकांनाही त्या वेळी बोलावून घ्या.